दाराचं पाकीट

दाजी गुरुवारी गेले. शनिवारी बोलावणं आलं असतं तर ‘गर्दी ओसरू द्या, मग निघू’ असं म्हणून त्यांनी ते पुढं ढकललं असतं, याबद्दल मला शंका नाही. शनिशिंगणापुरात तेल, रुईच्या माळा आणि काळं कापड विकणाऱ्या माणसाला शनिवारी ताप यायलासुद्धा सवड नसते. गुरुवारी दुपारी मात्र रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. स्टुलावर बसून बाटल्यांत तेल भरता भरता त्यांनी डोकं मागच्या फळीला टेकवलं, ते पुन्हा उचललंच नाही. मी त्या वेळी राहुरीत माझ्या घरी मोबाइलवर त्यांच्याच घरखर्चाचं शीट उघडून चरफडत बसलो होतो. कारण सकाळी त्यांनी ‘पाहुणे’ या पाकिटातून पैसे काढले होते आणि रकमेच्या जागी ‘लई न्हाईत’ असं लिहून ठेवलं होतं. तेवढ्यात दाजींच्या नंबरवरून फोन आला. मी उचलल्या उचलल्या म्हणालो, “दाजी, आकडा लिहा, आकडा.” पलीकडून शेजारच्या दुकानदारानं, दाजींचाच मोबाइल हातात धरून, काय झालं ते सांगितलं. माझं शेवटचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, आणि पोचलं असतं तरी त्यांनी आकडा लिहिला नसता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. मी जन्मभर एका कचेरीत हिशेबाच्या टेबलावर बसलो. टेबलाच्या खणाला कुलूप, कपाटाला कुलूप, सायकलीला दोन कुलपं, असा माझा संसार. हे माझ्या रक्तातच आहे. आमचे वडील रात्री दाराला वरची, मधली आणि खालची अशा कड्या लावून वर खाट आडवी सरकवायचे, आणि एवढं करून झोपेत दचकायचे. अशा माणसानं मुलगी द्यावी कुठं, तर जिथं घरांना दारंच नाहीत त्या गावात. देवाच्या भरवशावर गाव सोडलेलं, उंबऱ्यावर फार तर एक पडदा आणि रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून आडवी फळी. वडिलांनी त्यावर पुष्कळ विचार केला होता म्हणे. तिथं चोरी होत नाही, म्हणजे पोरगी सुखात राहील आणि जावयाचा कुलपांचा खर्च वाचेल, असं गणित मांडून त्यांनी सुपारी फोडली.

पहिल्या दिवाळसणाला दाजी आमच्याकडं आले तो प्रसंग आमच्या घरात अजून सांगितला जातो. भरदुपारी ते पोचले तेव्हा आम्ही सगळे जेवून, रिवाजाप्रमाणे कड्या लावून, गाढ झोपलो होतो. दाजींनी बंद दार पाहिलं आणि ते अडले. बाहेरगावी त्यांनी दारं पाहिली नव्हती असं नाही, पण दुसऱ्याचं दार वाजवून त्याला बाहेर बोलावणं त्यांना फार उर्मट वाटायचं. ते ओट्यावर बसले, एकदा खाकरले, थोड्या वेळानं पुन्हा खाकरले, आणि मग मिठाईच्या खोक्यावर डोकं ठेवून झोपी गेले. चहाच्या वेळी वडिलांनी दार उघडलं तर उंबऱ्याशी जावई घोरतोय आणि खोक्याला मुंग्या लागल्यात. वडिलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजी मात्र डोळे चोळत म्हणाले, “बंद हुतं. म्हनलं, आत काय तरी काम चालू आसंल.” पुढं सगळा जन्म ते आमच्याकडं असेच आले. ओट्यावर बसायचं, खाकरायचं, आणि आतून कोणी हाक मारेपर्यंत रस्त्यावरच्या माणसांशी ओळखी करून घ्यायच्या. माझ्या गल्लीतली निम्मी माणसं मला त्यांच्यामुळं माहीत झाली.

उलट त्यांच्या घरी कोणीही पडद्यापाशी घुटमळलं की आतून हाक यायची, “या की, उघडंच हाय.” दार नसलेल्या घराबद्दल हा विनोद होता आणि तो ते प्रत्येक येणाऱ्याला, पहिल्यांदाच सुचल्यासारखा ऐकवायचे. वर स्वतःच हसायचे. आक्का तोंडात पदर धरायची, पण हसू लपवायला नव्हे.

आक्काचं दुःख एवढंच होतं. तिला चोराची भीती नव्हती आणि सासरच्या माणसांचा जाच नव्हता. तिला आतून कडी लावता येईल असं एक दार हवं होतं. न्हाऊन केस सोडले की घटकाभर कडी लावून, कोणाशी एक शब्द न बोलता, केस वाळवत बसायचं... लग्नाआधी राहुरीत ती हे दर रविवारी करायची. सासरी आल्यावर केस सोडून बसलं की पडदा हलायचा. कोणाला विरजण हवं असायचं, कोणाला सुट्टे पैसे, कोणाला नुसतंच बोलायला माणूस. गावाची रीत मोडायला ती सांगत नव्हती. राहुरीत माहेराजवळ दोन खोल्या घेऊ, म्हातारपणी तिथं राहू, आणि त्यांना दार असेल, इतकंच तिचं मागणं होतं. दाजींनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ‘घेऊ की’ असं म्हटलं होतं. पण दाजी सगळ्यांनाच सगळ्या गोष्टींना ‘घेऊ की’ म्हणत.

पैसा त्यांच्याकडं शनिवारी यायचा आणि अमावास्येचा शनिवार आला तर शर्टाचा खिसा फाटेपर्यंत यायचा. मग पुढचे सगळे दिवस तो त्या खिशातून निघून जायचा. दुकानावर बसल्या बसल्या कोणी अडचण सांगितली की हात खिशात. यात्रेकरूंच्या गाडीचं पेट्रोल संपलं, हात खिशात. आठवड्याच्या मध्यावर आक्का गॅसच्या टाकीला पैसे मागायची तेव्हा ते खिसा उलटा करून दाखवायचे, त्यात रुईचं एखादं पान असायचं. शेवटी आक्कानं मला बोलावलं. मी हिशेबातला माणूस. मी गेलो आणि पाकिटांची पद्धत लावून दिली. पद्धत सोपी आहे. शनिवारी पैसा आला की तो लगेच वाटून टाकायचा, किराण्याच्या पाकिटात किराण्याचा, दुधाच्या पाकिटात दुधाचा, दुकानाच्या मालाचा वेगळा. ज्या पाकिटाचा पैसा तो त्याच कामाला, आणि पाकीट रिकामं झालं की तो खर्च बंद.

पाकिटं म्हणून आम्ही आक्काच्याच लग्नातली आहेराची जुनी पाकिटं काढली, वर रुपया चिकटवलेली. मी प्रत्येकावर ठळक अक्षरात नाव घातलं आणि ती दुकानच्या गल्ल्यामागं ठेवायला सांगितली. दाजींनी ती घरातल्या फळीवर देवाशेजारी मांडली, उघडी, येणाऱ्याजाणाऱ्याला नावं वाचता येतील अशी. गावातल्या कोणीही त्यांना कधी बोट लावलं नाही, हे मी शपथेवर सांगीन. ती रिकामी करणारा माणूस घरातलाच होता आणि तोच घराचा मालक होता. दुधाच्या पाकिटातून किराण्यात, किराण्यातून पाहुण्यांत, असा पैसा फिरायला लागला. मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा पाकिटांवर चिकटवलेले रुपयेसुद्धा उचकटून गिऱ्हाइकांना सुट्टे म्हणून दिलेले होते.

मग मोबाइल आले आणि मला शीट सापडलं. फुकट मिळणारं, रेघा मारलेलं, आपोआप बेरीज करणारं. एका ओळीत एक पाकीट, शेजारी त्यात किती घातले, किती काढले, किती उरले. पैसा बँकेतल्या एका खात्यात राहील, पाकिटं नुसती शीटवर असतील, त्यामुळं हात घालायला काही उरणारच नाही, अशी माझी योजना होती. दाजी ते शिकले, आणि मी कबूल करतो की फार झटकन शिकले. फक्त त्यांना आकड्याच्या जागी आकडाच लिहायचा हे पटलं नाही. तिथं ते ‘थोडे’, ‘बघू’, ‘सोमवारी देतो म्हणला’ असं लिहायचे. शब्दांची बेरीज शीटला येत नाही, त्यामुळं खालच्या रकान्यात चूक झाल्याची इंग्रजी खूण उमटायची आणि मला फोन यायचा, “पाव्हनं, शीट रुसलं.” मला ते कायम पाव्हनं म्हणायचे. मी चरफडत ‘बघू’ पुसून आकडा घालायचो आणि शीटचा रुसवा काढायचो. हे माझं निवृत्तीनंतरचं मुख्य काम झालं.

खरा तंटा झाला तो कुलपावरून. शीट कोणी पाहायचं आणि कोणी बदलायचं हे ठरवता येतं. मी ते तिघांपुरतं ठेवलं होतं, दाजी, त्यांची पुण्याला दिलेली लेक मनीषा आणि मी. काही दिवसांनी पाहतो तर शीटमध्ये ‘सोनईच्या आत्याचे गुडघे’ असं एक नवीनच पाकीट. दाजींनी मनीषाकडून शिकून घेऊन शीट सगळ्यांना उघडं केलं होतं आणि त्याची लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली होती, वर ‘या की, उघडंच हाय’ असं लिहून. मी तसाच गाडी मारत शिंगणापूर गाठलं. लोक पैसे इकडचे तिकडं करतील, काहीही लिहितील, हे उघड्यावर ठेवायचं सामान नव्हे, असं मी त्यांना पोटतिडकीनं सांगितलं. निदान लोकांना नुसतं बघू द्या, हात लावू देऊ नका, इथपर्यंत मी खाली आलो. दाजींना ते ऐकूनच वाईट वाटलं. “बघायला बोलवायचं आन हात लावू द्यायचा न्हाई,” ते म्हणाले, “ह्यो कसला पाव्हनचार?” घराला नाही ते शीटला कशाला, यापुढं त्यांची गाडी सरकेना.

आणि मला आजही राग येतो की त्यांचं काही वाकडं झालं नाही. आत्यांनी स्वतःच्या गुडघ्यांचं पाकीट काढलं खरं, पण त्यात त्या स्वतःच महिन्याला काही टाकायच्या आणि दाजींना फोन करून तसं कळवायच्या. मनीषा पुण्याहून ‘पाहुणे’मधले पैसे गुपचूप ‘बीपीच्या गोळ्या’मध्ये सरकवायची आणि दाजी ते पुन्हा परत न्यायचे, बापलेकीचं हे भांडण महिनोन्‌महिने एक शब्द न बोलता चालायचं. कोणी भाचा एकदा सगळी नावं अकारविल्हे लावायला गेला आणि आकडे होते तिथंच राहिले. एक आख्खा दिवस त्या घरात दुधाला दुकानाच्या मालाएवढे पैसे होते आणि मालाला दुधाएवढे. दाजींनी त्या दिवशी बासुंदी केली. पाकिटात हुतं, म्हणाले.

आक्का शीटला हात लावायची नाही. ती चुलीपाशी बसून तोंडी सांगायची आणि दाजी लिहायचे. पण त्यातल्या एका गोष्टीवर तिचं बारीक लक्ष होतं. राहुरीच्या दोन खोल्या. ‘घर’ असं एकच मोठं पाकीट केलं तर ते कधी भरणार नाही आणि माणसाचा धीर सुटेल, असं माझं मत. म्हणून मी त्याचे तुकडे केले. एक ‘जागा’, एक ‘भिंती आणि पत्रे’, आणि एक ‘चौकट-दार’. पाकीट भरलं की ते आपोआप हिरवं व्हावं अशी सोय केली. आक्कानं ‘चौकट-दार’ हे नाव मला दोनदा वाचायला लावलं. नंतर मनीषा सांगायची, आई तेवढीच एक ओळ बघायला मोबाइल मागायची.

आमचे हमीदभाई मिस्त्री हे राहुरीतले सुतार, दाजींचे जुने दोस्त. दोघांची ओळख आमच्याच ओट्यावर झालेली, दाजी खाकरत बसले असताना. चौकट-दाराची किंमत त्यांनीच सांगितली होती आणि साहजिकच त्यांच्याकडंही लिंक होती. पाकीट हिरवं झालं की लाकूड कापायला घ्या, असं दाजी त्यांना सांगून बसले होते. मला यातलं काही माहीत नव्हतं. आता, तीन पाकिटांत दाराचं सगळ्यांत लहान. ते आधी भरणार हे माझ्यासारख्या हिशेबातल्या माणसाला दिसायला हवं होतं, पण मी त्या दिवसांत आत्याच्या गुडघ्यांत अडकलो होतो. एका अमावास्येच्या शनिवारनंतर दाजींनी धीर करून सगळी शिल्लक त्या एका ओळीत टाकली. ओळ हिरवी झाली. हमीदभाईंनी ती दुकानात बसल्या बसल्या पाहिली आणि करवत उचलली.

दार आलं त्या दिवशी मी योगायोगानं तिथं होतो. टेम्पो दुकानापुढं थांबला, हमीदभाई उतरले आणि चौघांनी मिळून चौकटीसकट ते घरात आणलं. सागवानी फळ्या, घडवलेली लोखंडी कडी, वरच्या पट्टीवर दोन मोर. आणताना अडचण आली नाही, कारण वाटेत दार नव्हतं. बसवायला जागा नव्हती, भिंत नव्हती, म्हणून ते आतल्या खोलीत भिंतीला टेकवून उभं केलं. आक्का पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. तिनं मोर पाहिले, कडी पाहिली, मागची भिंत पाहिली आणि मग दाजींकडं पाहिलं.

“आन घर?” ती म्हणाली.

“घराचं पाकीट आजून भरायचंय,” दाजी म्हणाले. “ह्ये भरलं. ज्या पाकिटाचा पैसा त्याच कामाला.”

आक्कानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तो नियम कोणाचा हे तिला माहीत होतं. मी अजूनही म्हणतो की नियम बरोबर आहे. त्या दिवशी मात्र मी हमीदभाईंच्या टेम्पोतूनच राहुरीला परतलो. माझी गाडी काढायला आक्कासमोरून जावं लागलं असतं, म्हणून ती तिथंच राहिली.

दारं नसलेल्या गावात, घर नसलेलं दार. शिंगणापुरातली चेष्टा काही विचारू नका. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण विचारायचा, “काय, दाराला घर मिळालं का?” आणि दाजी उपवर मुलीच्या बापासारखे सांगायचे, “स्थळं बघायचं चालू हाय.” दार उघडलं की मागं नुसती भिंत दिसायची, ते दाजींना बरं वाटेना. त्यांनी तिथं कॅलेंडर लावलं. मग त्या घरात तारीख बघायची म्हणजे उठून दार उघडायचं आणि बघून झालं की लावायचं. सुरुवातीला आक्का त्या दाराकडं पाठ करून बसायची. पण तिला ते रोज पुसताना मी पाहिलंय. मोरांच्या डोळ्यांत धूळ बसते म्हणून तिनं एक जुना दातांचा ब्रश वेगळा ठेवला होता. एकदा तिला सहज विचारलं, तर म्हणाली, “आसूं दे. निम्मं तर आलं.”

बाकीचं निम्मं येईना. ‘जागा’ वाढत होती, पण राहुरीतल्या जागांचे भाव तिच्यापेक्षा जोरात वाढत होते. मधेच कोणाचं तरी काही निघायचं आणि दाजींचा हात तिकडं वळायचा. तरी एक मात्र खरं. पूर्वी ते बिनधास्त काढायचे, आता आक्काला विचारून काढायचे, आणि परत भरल्याशिवाय शनिवारी जेवायचे नाहीत. त्यांना त्या घराची घाई लागली होती. मला वाटायचं आक्कासाठी, पण त्यात त्यांची स्वतःची एक काळजी होती, ती मला अगदी शेवटच्या भेटीत कळली.

मी गेलो होतो शीट दुरुस्त करायला. आक्का स्वैपाकघरात होती. दाजींनी मला हळूच आतल्या खोलीत नेलं आणि त्या टेकवलेल्या दारासमोर उभं केलं. म्हणाले, “पाव्हनं, कडी कशी वाजवत्यात?” मी चक्रावलो. राहुरीला गेल्यावर बायकोला दार असणार, ती केस वाळवत बसली की ते लावून घेणार, आणि आपण बाहेरून आलो तर काय करायचं, हा त्यांचा पेच होता. स्वतःच्या घरासमोर ओट्यावर खाकरत बसणं बरं दिसलं नसतं. मी त्यांना कडी कशी धरायची, कितीदा वाजवायची, मग आतून ‘कोण?’ येईपर्यंत थांबायचं, हे सगळं समजावलं. दाजींनी कडी धरली, देवळातल्या घंटेसारखी एकदाच हलकेच वाजवली आणि लगेच चौकटीच्या बाजूनं डोकं घालून मागं डोकावले. मागं भिंत होती. मी म्हणालो, थांबायचं असतं, डोकवायचं नसतं. त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा डोकावले. तेवढ्यात स्वैपाकघरातून आक्कानं विचारलं, “कोन हाय?” दाजी इतके गडबडले की कडी सोडून म्हणाले, “कोन न्हाई, कोन न्हाई. मीच हाय.” मी हसून हसून खाली बसलो. आक्का पदराला हात पुसत आली, तिला सगळा प्रकार कळला आणि तीही हसली. त्या खोलीत आम्ही तिघं एवढे हसलो की बाहेरून दोन शेजारी पडदा सारून आत आले. दाजींनी त्यांना सांगितलं, “या की, उघडंच हाय.”

दाजी गेल्यानंतरच्या दिवसांत त्या घरात माणसांना तोटा नव्हता. येणारा प्रत्येक जण पडद्यापाशी क्षणभर थांबायचा. हाक येईल असं वाटायचं म्हणून थांबायचा... आणि हाक आली नाही की तिथंच रडायला लागायचा. मी आयुष्यात पुष्कळ सांत्वनाच्या घरी गेलोय, पण उंबऱ्यावर रडून आत कोरडी येणारी माणसं तिथंच पाहिली. मलाही वाईट वाटलं आणि मला वाईट वाटलं की मी चिडतो. त्या चिडीत मी एक काम उरकलं. आक्का आता एकटी, तिचा पैसा असा चव्हाट्यावर नको, म्हणून शीट बंद करून टाकलं. माझ्याशिवाय कोणाला दिसणार नाही असं. चहा पिऊन होतो तोवर फोन सुरू झाले. सोनईच्या आत्या विचारत होत्या की त्यांचे गुडघे कुठं गेले. हमीदभाईंना वाटलं त्यांचाच मोबाइल बिघडला. मनीषा फोनवर नुसती रडत राहिली, कारण तिला ते ‘लई न्हाईत’ पुन्हा वाचायचं होतं. आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, “त्यांनी कुनाला कधी आडवलं न्हाई. तू कशाला आडवतोस?” मी शीट उघडलं. जसं होतं तसं, सगळ्यांना.

माझ्या घरामागं दोन खोल्या आहेत. पूर्वी भाडेकरू होता, नंतर मी तिथं माझी जुनी कुलपं आणि वर्तमानपत्रं ठेवत होतो. आक्कानं तिथं यावं असं मी म्हणालो. ती म्हणाली, पाहुणी म्हणून येणार नाही. मग कशी येणार, असं विचारलं तर तिनं मोबाइल मागितला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः शीट उघडून माझ्यापुढं धरलं. ‘जागा’ पाकिटातला पैसा ‘भाडं’ या नव्या पाकिटात टाकायचा होता, आणि एका पाकिटातून दुसऱ्यात न्यायचं तर दोघांनी एकमेकांना विचारून न्यायचं अशी तिची आणि दाजींची रीत होती. दुसरं माणूस उरलं नव्हतं म्हणून ती मला विचारत होती. बहिणीकडून भाडं घ्यायला मला काय वाटलं असेल ते मी इथं लिहीत नाही. मी नको म्हणालो असतो तर ती आली नसती. मी ‘हो’ म्हणालो आणि तिनं एका बोटानं, सावकाश, आकडा लिहिला. शब्द नाही, आकडा.

दार हमीदभाईंनी बसवलं. मागच्या खोलीची जुनी पत्र्याची झडप काढली, सागवानी चौकट ठोकली, पैसे विचारले तर म्हणाले ते पाकीट कधीच हिरवं झालंय. मोर आता माझ्या परसदाराकडं तोंड करून बसलेत. आतल्या बाजूनं आक्कानं दाजींचं कॅलेंडर लावलंय. मी बाजारातून चांगलं जाडजूड कुलूप आणलं, किल्ल्यांच्या जोडासकट. तिनं ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि वाऱ्यानं दार लागू नये यासाठी त्याच्या खाली अडकण म्हणून ठेवलं. तिथंच असतं ते.

शनिवारी ती पहाटेच्या गाडीनं शिंगणापूरला जाऊन दुकान उघडते, संध्याकाळी येते. रविवारी न्हाते, केस सोडते आणि कुलूप पायानं बाजूला सारून दार लावून घेते. आतून कडीचा आवाज येतो. त्या घटकेला मी परसात कोणाला जाऊ देत नाही, मांजरालासुद्धा. तिचं मागणं एवढंच होतं आणि ते तिला मिळालं. केस वाळले की दार उघडतं आणि मग आठवडाभर, रात्रीसुद्धा, उघडं राहतं. मला ते बघवत नव्हतं. राहुरी म्हणजे शिंगणापूर नव्हे, रात्री तरी कडी लाव, असं मी तिला बजावत होतो. एके दिवशी जरा आवाज चढवून म्हणालो. ती मोरांच्या डोळ्यांतली धूळ काढत होती. हात न थांबवता म्हणाली, “आरं, त्यांला आजून नीट कडी वाजवता येत न्हाई.”

मी माझ्या घरात आलो, वरची कडी लावली, मधली लावली, खालच्या कडीपाशी वाकलो आणि तसाच थोडा वेळ वाकून राहिलो. ती मी लावली नाही.

आता आक्काकडं जाताना मी कडी वाजवत नाही. दार उघडंच असतं, पण एकदम आत शिरणं बरं दिसत नाही, म्हणून पायरीवर बसतो. शीटमध्ये त्या आठवड्यात कोणी काय गोंधळ घातला ते बघतो. ‘पाहुणे’मधल्या त्या ‘लई न्हाईत’ला मी आकडा घातलेला नाही, त्यामुळं खालची बेरीज अजून रुसलेली आहे. मग एकदा खाकरतो. आत भांडं वाजायचं थांबतं... आणि आक्काची हाक येते.

“या की, उघडंच हाय.”